लेकरू गेल्यावर



माकणी, सास्तूर ही तेरणेच्या खोऱ्यातली गावे. त्यांची नावे काढली की इकडच्या जाणत्या माणसाला एकच पहाट आठवते, 30 सप्टेंबर 1993 ची. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे उशिरा घरी परतली, दमून निजली, आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरचे मातीचे जड धाबे, ते सारे ओझे निजल्या जागी अंगावर आले. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून जवळजवळ दहा हजार माणसे गेली. पुढे 52 गावे नव्या जागी वसवली. घरांना क्रमांक मिळाले, रस्ते सरळ झाले. पण जिच्या कुशीतले लेकरू त्या रात्री गेले, तिच्याशी काय बोलावे हे कोठल्या यादीत लिहिलेले नव्हते. आणि भूकंपच कशाला हवा? तापाने, सर्पदंशाने, विहिरीत पडून लेकरे जातातच. ती आई आपल्या गल्लीतच असते.

अशा वेळी आपण बोलतो काय, ते जरा ऐकून पाहा. कोणी म्हणते, नशिबात नव्हते. कोणी म्हणते, देवाला आवडले म्हणून त्याने नेले. कोणी दाराआड कुजबुजते की मागच्या जन्मीचे काही असेल, नाही तर हिचा पायगुणच तसा. बोलणाऱ्याच्या मनात वाईट असतेच असे नाही. गप्प बसवत नाही, म्हणून माणूस बोलतो. पण ऐकणारीच्या काळजात ते रुतून बसते, आणि दुःखावर अपराधाचे ओझे चढते.

आज मला सांगायचे आहे ते ख्रिस्ती श्रद्धेने अशा आईबापांना काय दिले त्याविषयी. ऐकणाऱ्यांत वारकरी असतील, मुसलमान असतील, किसा गोतमीची आणि तिच्या मोहरीच्या दाण्यांची गोष्ट जाणणारे बौद्ध बांधवही असतील. कोणाचा धर्म बदलावा म्हणून हे बोलणे नाही. शेजारच्या घरात दुःख कसे सोसतात, हे शेजाऱ्याला ठाऊक असावे एवढेच.

योहानाच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस वाटेत दिसतो, आणि शिष्य येशूला विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? आपल्या पारावर कोणीही विचारील असाच प्रश्न. येशू तो मोडूनच काढतो. याचेही नाही, आईबापांचेही नाही, असे तो सांगतो. मला वाटते, लेकरू गेलेल्या आईला पहिला दिलासा मिळतो तो इथे. तुझ्या पापाने हे झालेले नाही, एवढे तिला कोणीतरी उघड सांगावे लागते, आणि ते पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

पण एवढ्याने भागत नाही. याईर नावाच्या एका अधिकाऱ्याची बारा वर्षांची मुलगी वारली होती. येशूने तिला उठवले आणि हिला काहीतरी खायला द्या असे सांगितले. नाईन गावच्या विधवेचा एकुलता एक मुलगा तिरडीवरून परत मिळाला. ज्यांचे लेकरू परत आले नाही त्यांनी या कथा कशा ऐकायच्या? "तिचे उठवले, मग माझे का नाही?" असे एखादी बाई पाळकाला तोंडावर विचारते, आणि विचारण्याचा तिला हक्क आहे. या प्रश्नाला पढवलेले उत्तर देणारा पाळक मला कधी आवडला नाही. शुभवर्तमानात याचे उत्तर नाही. त्यात आहे ते वेगळेच. लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही त्याच्या कबरेकडे जाताना येशूच्या डोळ्यांना पाणी येते. पुढे त्याचाच वध होतो आणि त्याची आई मरिया क्रुसाजवळ उभी राहून ते पाहते. ख्रिस्ती माणूस ज्या देवापुढे गुडघे टेकतो, त्या देवानेही पुत्र गमावलेला आहे. त्या देवाशी भांडताना, रडताना आईला असे वाटते की समोरच्याला हे दुखणे ठाऊक आहे. आणि तिसऱ्या दिवशीच्या पुनरुत्थानावर तिचा विश्वास असतो, म्हणून आपले लेकरू त्याच्याच नावाने, त्याच्याच चेहऱ्याने पुन्हा भेटेल या आशेला ती धरून राहते. ही आशा पहिल्याच दिवशी हाती लागते असे मात्र नाही. कित्येकींना वर्षे लागतात.

आता आपल्याच महाराष्ट्रातली एक आई पाहा. पंडिता रमाबाईंचे नाव शिक्षकांना सांगायला नको. 1858 साली जन्मलेल्या या बाईने मरण लहानपणापासून जवळून पाहिले. 1870 नंतरच्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. फेब्रुवारी 1882 मध्ये पती बिपिनबिहारी पटकीने गेले, तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती. ती एकच मुलगी घेऊन रमाबाई पुण्याला आल्या, विलायतेला गेल्या. तेथे 1883 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, आणि पुढे केडगावला मुक्ती सदन उभे केले. 1896-97 आणि 1900 च्या दुष्काळांत मध्य प्रांत आणि गुजरातेतून उपाशी मुली तेथे आणल्या. इतरांच्या शेकडो लेकींची ती आई झाली.

मनोरमा आईचा उजवा हात होती. अमेरिकेत शिकून आली, मुंबई विद्यापीठाची पदवीधर झाली, मुक्तीचा पुष्कळसा कारभार तिने अंगावर घेतला. गुलबर्ग्याला शाळा काढण्यातही तिचा पुढाकार होता. ते गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आणि आपला हा मुलूखही त्याच राज्यात. रमाबाईंना ऐकू कमी येई, वय झाले होते. आपल्या मागे सारे मनोरमा सांभाळील असे त्यांनी धरले असल्यास नवल नाही. 24 जुलै 1921 रोजी मनोरमाच गेली, चाळिसाव्या वर्षी. आई 63 वर्षांची.

लेकरू म्हणजे पाळण्यातलेच असते असे नाही. चाळिशीची लेकही लेकरूच.

त्यानंतर रमाबाई जगल्या त्या जेमतेम आठ महिने. त्या महिन्यांत त्या काय करीत होत्या? बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी बरीच वर्षे चालवले होते. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. खेड्यातल्या साध्या बाईला वाचून कळावे म्हणून जड संस्कृत शब्द टाळून सोपी मराठी त्यांनी धरली होती. मुक्तीच्याच छापखान्यात तेथल्याच बायका खिळे जुळवीत. ते काम मुलगी गेल्यावर रमाबाईंनी सोडले नाही, शेवटास नेले. राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि कोणाकडून सांत्वन घेत नाही, हेही त्याच ग्रंथात आहे, आणि लाजराच्या कबरेजवळचे अश्रूही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. बायबल छापून पुरे झाले 1924 मध्ये.

दुःख विसरायला काम बरे असते असे लोक सहज म्हणतात. रमाबाईंच्या बाबतीत मला ते पटत नाही. ज्या शब्दांच्या आधाराने आपण उभ्या आहोत तेच शब्द त्या दुसऱ्या बायांसाठी सोपे करून ठेवीत होत्या. त्यात विसरणे कोठे आले?

लक्ष्मीबाई टिळकांनाही तान्ही मुले गेल्याचे दुःख चुकले नव्हते. पतीच्या मागून, स्वतःचा वेळ घेऊन, त्या 1900 साली ख्रिस्ती झाल्या, आणि पुढे किती परक्या मुलांना त्यांनी घरात घेतले ते "स्मृतिचित्रे" वाचलेल्यांना ठाऊक आहे. शाळेच्या कपाटात ते पुस्तक असेल तर काढून वाचा.

खेड्यातल्या ख्रिस्ती घरी लेकरू गेले की मंडळी जमतात, प्रार्थना होते, ओळखीच्या चालीवर गीते म्हणतात. आईच्याने म्हणवत नाही, तेव्हा तिच्यासाठी इतर म्हणतात. हे मला फार मोलाचे वाटते. तिची श्रद्धा काही दिवस दुसऱ्यांनी उचलून धरायची असते, जसे जड बोचके आळीपाळीने डोक्यावर घेतात. कॅथलिक मंडळी 2 नोव्हेंबरला कबरस्थानात जातात, मेणबत्त्या लावतात. लहानग्या कबरीपाशी बसून आई त्या दिवशी उघड रडू शकते, नाव घेऊ शकते. एरवी आपल्याकडे गेलेल्या पोराचे नाव काढायला लोक बिचकतात, आईला त्रास होईल म्हणून. खरे तर तिला नाव ऐकायचेच असते.

शिक्षकांना शेवटी थोडे. वर्गातले मूल गेले की हजेरीपटावर रेघ मारून पुढे जाऊ नका. त्या दिवशी मुलांना नाव घेऊन सांगा, विचारतील ते विचारू द्या, रडणाऱ्याला रडू द्या. घरी भेटायला जाल तेव्हा उपदेश बरोबर नेऊ नका. त्याची वही शाळेत राहिली असेल, एखादे चित्र भिंतीवर असेल, तेवढे जपून काढा आणि आईच्या हाती द्या. ती ते लगेच घेईल किंवा नाही घेणार. नाही घेतले तर परत नेऊन ठेवा. ती एक दिवस मागायला येईल.