छातीतील धडधड : तिची ओळख आणि कारणांचा शोध

(अच्छाड येथे विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपले हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देते आणि त्यांतील एकही सहसा आपल्याला जाणवत नाही. तो जाणवू लागला की मनुष्य अस्वस्थ होतो. कोणी सांगते छातीत धडधडते, कोणी म्हणते काळीज उडते, कोणी ठोका चुकल्याचे सांगते, तर कोणाला घशाशी पाखरू फडफडल्यासारखे वाटते. तपासणीच्या कागदावर आम्ही या सर्वांसाठी एकच शब्द लिहितो. खरे तर रुग्णाचा स्वतःचा शब्दच आम्हांला अधिक उपयोगी पडतो, कारण यातील प्रत्येक शब्द वेगळ्या गोष्टीकडे बोट दाखवितो. धडधड हा रोग नव्हे, ती एक जाणीव आहे. तिच्यामागे काहीच नसेल, किंवा बरेच काही असेल.

या परिसरात हा विषय मांडताना भूकंपाचा उल्लेख टाळता येत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, ती आपण सर्वांनी अनुभवली आहे. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले. त्यांतील सर्वांत मोठा ४.१ तीव्रतेचा होता, आणि त्या पळापळीत हळदपाडा येथे दोन वर्षांची एक बालिका दगावली. लोक थंडीत घराबाहेर, तंबूत झोपू लागले. अशा काळात रात्री दचकून जाग येते, छाती धडधडत असते, आणि जमीन हलली की आपले काळीज हलले, हेच उमगत नाही. असे वाटणारा मनुष्य भित्रा नसतो. जपानमध्ये मोठ्या भूकंपानंतर हजारो लोकांना जमीन स्थिर असतानाही ती डोलत असल्याचा भास होतो, आणि तेथील भाषेत त्याला ‘जिशिन-योई’ असे स्वतंत्र नाव आहे. मी एक साधा उपाय सुचवितो. उशाशी पाण्याने भरलेले उघड्या तोंडाचे भांडे ठेवावे. जाग आल्यावर बत्ती लावून पाण्याकडे पाहावे. पाणी स्थिर असेल तर हालचाल आपल्या छातीतील आहे, आणि मग नाडी मोजावी. पाणी हलत असेल तर मुलांना घेऊन बाहेर पडावे, नाडी नंतर मोजता येईल.

भीतीने होणारी ही धडधड निरुपद्रवी असते, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे अमेरिकेतील लॉस एंजेलिस परिसरात मोठा भूकंप झाला. तत्पूर्वीच्या आठवड्यात त्या शहरात हृदयविकाराने अचानक होणाऱ्या मृत्यूंची दैनिक सरासरी ४.६ होती. त्या एका दिवशी असे २४ मृत्यू नोंदले गेले. पुढील काही दिवस हा आकडा नेहमीपेक्षाही खाली आला. याचा अर्थ असा लावला जातो की, ज्यांच्या रक्तवाहिन्या आधीच आकुंचित झाल्या होत्या, त्यांच्यावर भीतीच्या लाटेने घाव घातला. निरोगी हृदयाने तीच लाट पचविली. म्हणून धडधडीची चौकशी करताना आमचा पहिला प्रश्न धडधडीविषयी नसतोच. मुळात हृदय कसे आहे, हे आम्ही आधी पाहतो.

आता नाडीकडे वळू. मनगटावर तीन बोटे ठेवून पंधरा सेकंद मोजावे व चाराने गुणावे. भीती, ताप, श्रम यांमुळे वाढलेली गती हळूहळू चढते व हळूहळूच उतरते. याउलट कोणी सांगतो, ‘डॉक्टर, बटण दाबावे तशी सुरू झाली आणि तशीच थांबली’, आणि नाडी दीडशेच्या वर असते, तेव्हा हृदयातील विद्युत्प्रवाहाला एखादी जादा वाट मिळाली असण्याची शक्यता असते. तिसरा प्रकार ठोका चुकण्याचा. येथे ठोका चुकत नाही, तो वेळेआधी पडतो. तो दुबळा असल्यामुळे कळत नाही. त्यानंतर थोडी विश्रांती मिळते आणि पुढचा ठोका जास्त रक्त घेऊन जोराने पडतो. रुग्णाला घाबरविणारा हा पुढचा, अगदी निकोप ठोका असतो. डाव्या कुशीवर झोपल्यास हृदय छातीच्या भिंतीजवळ येते, म्हणून तो रात्री अधिक जाणवतो. चौथा प्रकार म्हणजे नाडीला कोणताच ताल नसणे. येथे उशीर करू नये. लहानपणी घसा व सांधे धरून ज्यांच्या झडपा खराब झाल्या, त्यांच्यात असा ताल बिघडला तर हृदयात रक्ताची गुठळी होऊन अर्धांगवायू होऊ शकतो.

रुग्णाला ताल शब्दांत सांगता आला नाही, तर आम्ही त्याला टेबलावर बोटाने वाजवून दाखविण्यास सांगतो. ढोलनाचात वाढलेल्या माणसांच्या या भागात ही पद्धत इतकी नेमकी चालते की, पुष्कळदा यंत्र लावण्यापूर्वीच निदानाची दिशा ठरते.

आपल्या तालुक्यांपुरते पाहिले, तर धडधडीचे जे कारण आधी शोधले पाहिजे, ते पुष्कळदा हृदयात नसून रक्तात असते. रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल, तर तेवढाच प्राणवायू पोहोचविण्यासाठी हृदयाला अधिक वेळा धावावे लागते. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढताना धडधडते, बसले की शमते, पापणीच्या आतील भाग पांढुरका दिसतो, अशा भगिनीला हृदयाच्या महागड्या तपासण्या सांगण्यापूर्वी रक्त तपासावे. वारंवारची बाळंतपणे, पाळीतील अतिस्राव आणि पोटातील जंत ही तिची नेहमीची कारणे आहेत. त्यात आदिवासी समाजात सिकलसेलचा आजारही आढळतो, ज्याच्या निर्मूलनासाठी जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय अभियान सुरू झाले. सिकलसेल असलेल्यास तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या देत राहणे योग्य नाही. थायरॉईड ग्रंथीचा अतिरेक आणि दम्यासाठी वारंवार घेतलेला पंप ही आणखी दोन कारणे. ती विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

कारण शोधणे म्हणजे काय, याचा एक नमुना आपल्या कोकणातलाच आहे. लाल विंचू चावल्यावर घामाघूम होऊन, हातपाय गार पडून, छाती धडधडत दगावणाऱ्या रुग्णांच्या उशाशी बसून महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नोंदी केल्या. त्या १९८२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आल्या, आणि पुढे प्राझोसिन या औषधाने अनेकांचे प्राण वाचले.

रुग्णानेच डॉक्टरला शिकविल्याचेही उदाहरण आहे. १९१२ साली वेंकेबाख या डच वंशाच्या हृदयरोगतज्ज्ञाकडे एक व्यापारी आला. त्याची नाडी बेताल होती. ‘हा ताल आम्हांला पूर्ववत करता येत नाही’, असे डॉक्टरांनी सांगितले. व्यापारी म्हणाला, मी उद्या सकाळी नियमित नाडी घेऊन येतो. आणि तसा तो आला. हिवतापाच्या प्रदेशांत फिरताना क्विनाइन घेतल्यावर आपली धडधड थांबते, हे त्याने स्वतःच ताडले होते. त्यातूनच पुढे क्विनिडीन हे औषध वापरात आले. (घरी कोणी क्विनाइन घेऊन पाहू नये. तेच औषध काहींचा ताल बिघडविते.)

म्हणून आम्ही प्रत्येक रुग्णास एक वही करावयास सांगतो. तीत फार लिहावयाचे नाही. तारीख, वेळ, नाडी, किती वेळ टिकली, आणि आदल्या बारा तासांत झोप, जेवण, चहा, ताडी-दारू, तंबाखू, औषध, श्रम, भांडण यांपैकी काय घडले, एवढेच. लिहिता येत नसेल तर आश्रमशाळेत शिकणारे घरातील मूल खुणा करील. धडधड झाली नाही त्या दिवसाचीही नोंद हवी. ही नोंद लोक गाळतात आणि मग चहा दोषी ठरतो, कारण चहा रोजच घेतलेला असतो.

चहाविषयी थोडे सविस्तर सांगतो. अमेरिकेत हृदयाचा ताल अधूनमधून बिघडणाऱ्या सुमारे पाचशे रुग्णांचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही जणांना, ज्या गोष्टीचा संशय येतो ती काही दिवस घेऊन व काही दिवस सोडून पाहण्यास सांगितले होते. कॉफीसारख्या उत्तेजक पेयांवर संशय घेणारे पुष्कळ होते. मात्र त्या बिघाडाशी सातत्याने संबंध आढळला तो केवळ मद्याचा. येथेही असेच दिसते. चहा सोडल्याचे लोक अभिमानाने सांगतात, संध्याकाळच्या ताडीचा विषय निघत नाही. उंबरगाव व वापीकडे रात्रपाळीस जाणारे तरुण, महामार्गावर रात्रभर गाडी हाकणारे चालक, वीटभट्टीच्या धगीत पाण्यावाचून राबणारी कुटुंबे यांच्या वह्यांत अपुरी झोप आणि अपुरे पाणी वारंवार भेटते. रात्रपाळी सोडा, असा सल्ला देणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते, कारण त्यावर घर चालते. पाळीनंतर अंधाऱ्या जागी सलग झोप मिळू द्या, एवढे मात्र घरच्यांच्या हाती आहे.

नातेवाइकांसाठी आणखी एक गोष्ट. ‘हे मनाचे आहे’ असे म्हणून विषय संपवू नका. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जादा विद्युत्मार्गामुळे धडधड होणाऱ्या १०७ रुग्णांपैकी ६७ टक्क्यांची लक्षणे भीतीच्या झटक्याच्या व्याख्येत बसत होती, आणि स्त्रियांच्या बाबतीत खरे निदान अधिक वेळा हुकले होते. हा विकार आज पुष्कळदा नळीद्वारे कायमचा बरा करता येतो. तोवर झटका थांबविण्याची एक युक्ती आहे. रेलून बसून पंधरा सेकंद जोर लावून फुंकावे, आणि लगेच आडवे करून कोणीतरी पाय वर उचलून धरावेत. २०१५ च्या एका चाचणीत या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांचा ताल पूर्ववत झाला. केवळ फुंकण्याने १७ टक्क्यांचा. ही युक्ती कोणी करावी व कोणी नाही, हे आधी डॉक्टरांकडून शिकून घ्यावे.

धडधडीसोबत शुद्ध हरपली, छातीत दुखले किंवा धाप लागली, श्रम करीत असतानाच चक्कर आली, घराण्यात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, किंवा रुग्णाला आधीच हृदयविकार असेल, तर वही बाजूला ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शेवटी देणगीदारांना व रुग्णांना एकत्रच सांगण्याची गोष्ट अशी की, या विकारात झटका चालू असताना काढलेला ईसीजी हा सर्वांत मोलाचा पुरावा असतो. रुग्ण आमच्यापर्यंत पोहोचेतो ताल पूर्ववत झालेला असतो आणि कागदावर सर्व ठीक दिसते. गावाजवळच्या उपकेंद्रात किंवा खाजगी दवाखान्यात, जेथे यंत्र असेल तेथे त्याच क्षणी पट्टी काढून घ्यावी. ही पट्टी उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते. उन्हात, पत्र्याच्या पेटीत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ती काही महिन्यांत कोरी होते. तिला प्लॅस्टिकचे आवरण करून घेऊ नये, त्या उष्णतेने ती काळी पडते. त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढावी, मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, त्यावर तारीख व वेळ लिहावी आणि येथे येताना वहीसोबत आणावी.