चावी फिरवली, आणि काहीच नाही

आजच्या भागात कोड नाही, गवत आहे.

मी राहतो अमेरिकेत, ओहायोमध्ये, भाड्याच्या घरात. अंगणातलं गवत आम्हीच कापायचं, असं करारातच आहे. त्यासाठी घरमालकाने बसून चालवायचा जुना मोअर ठेवलाय. दिसायला छोटा ट्रॅक्टर, पोटाखाली पाती. मे महिन्यात इथे गवत असं माजतं की एक शनिवार चुकला की शेजारी टकमक बघायला लागतात.

त्या शनिवारी चावी फिरवली. काहीच नाही. टक् सुद्धा नाही.

अशा वेळी आधी कान द्यायचा. नुसतं टक् टक् होतंय? मग बहुतेक बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल गंजलंय. इंजिन गरगर फिरतंय पण पेटत नाही? पेट्रोल आणि स्पार्क बघा. हिवाळाभर टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलने कार्बोरेटर चोंदतो. माझ्याकडे मात्र पूर्ण शांतता. मल्टिमीटर लावला, बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे फुल चार्ज. फ्यूजही शाबूत.

मग कळलं, मोअर बिघडलेला नाही, नकार देतोय. ब्रेकचा पेडल पूर्ण दाबलेला आणि पाती बंद असल्याशिवाय स्टार्टरला करंटच जात नाही. दोन्हीकडे एकेक छोटा स्विच असतो. आपल्या भाषेत, दोन कंडिशन, मध्ये ॲन्ड. एक जरी फॉल्स आली तरी गप्प. ना लॉग, ना एरर मेसेज!

ब्रेकच्या स्विचमधून करंट पुढे जात नव्हता. एका व्हिडिओत जुगाड होता: कनेक्टर काढा, दोन टोकं वायरने जोडा. मी जोडली. रूममेट समोर टॉर्च धरून उभा. मी बाजूला उभ्या-उभ्याच चावी फिरवली.

मोअर पहिल्या गिअरमध्ये होता.

इंजिन पेटलंही नव्हतं, नुसत्या स्टार्टरच्या जोरावर तो फूटभर पुढे उडाला. रूममेटच्या नडगीला लागलं, खरचटलं. मी घाबरून चावी सोडली म्हणून तेवढ्यावर निभावलं. पाती थांबलेली होती, हे आमचं नशीब. वर्षभर प्रोडक्शनवर चेक काढू नका म्हणून ज्युनियरांना ओरडणारा मी, घरी पहिल्याच अडचणीत चेक उडवून मोकळा झालो होतो.

वायर काढली. चावी खिशात टाकली, स्पार्क प्लगची वायर सुटी केली (खाली हात घालायच्या आधी हे कराच) आणि वाकून बघितलं. स्विचची पट्टी एका स्क्रूवर लोंबत होती. त्यामुळे पेडल कितीही दाबला तरी स्विचचं बटण दाबलंच जात नव्हतं. वर वाळक्या गवताचा गोळा. साफ केलं, स्क्रू आवळला. पाच मिनिटांचं काम.

यावेळी सीटवर बसून, ब्रेक दाबून चावी फिरवली. लगेच सुरू! रूममेट तेव्हा गॅरेजच्या दारामागे होता. अजूनही तिथूनच बघतो.