पाहुण्यांच्या गावचे पाहुणे



मी शाळेत चौथीपर्यंतच होतो; पुढचे शिक्षण मोर्च्यांत आणि वाचनालयांत झाले. तेव्हा इतिहासपंडित म्हणून मी येथे उभा नाही, हे आधीच सांगतो.

मी फर्दापूरचा. अजिंठ्याच्या पाहुण्यांच्या गाड्या आमच्या तिठ्यावर थांबतात. तेथून बसने चार किलोमीटर, मग पायऱ्या. ज्याला चढवत नाही त्याच्यासाठी डोली. उन्हाळ्यात वाघूर कोरडी पडते, पाहुणा आटतो आणि डोलीवाल्याचा खांदा मोकळा राहतो. मोकळा खांदा म्हणजे विसावा, असे आपणांस वाटेल. घरी त्याला उपास म्हणतात.

माझा धाकटा भाऊ डोली वाहतो. गेल्या मे महिन्यात भावजय म्हणाली, "दादा, जन्मभर दुसऱ्यांना दाखविले, आम्ही काय पाहिले?" प्रश्न रास्त होता. मग आम्ही पाचजण एस.टी.ने सिल्लोडवरून छत्रपती संभाजीनगरास गेलो. १६१० साली मलिक अंबराने वसविलेली खडकी ती हीच. हा हबशी लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला होता आणि पुढे निजामशाहीचा कारभारी झाला. या कोरड्या भूमीत नहर काढून त्याने शहराला पाणी दिले. राजेरजवाडे पुष्कळ झाले. मला हा माणूस मोठा वाटतो.

बीबी का मकबऱ्याला लोक गरिबाचा ताजमहाल म्हणून नाक मुरडतात. संगमरवर कमरेइतका आणि घुमटाला. मधला भाग काळ्या दगडाचा, वर चुन्याचा गिलावा. खर्च सहा लाख अडुसष्ट हजारांवर झाल्याची नोंद सांगतात. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू हिची ही कबर. दरवाजावर अताउल्ला आणि हंसपतराय या दोघा जाणत्यांची नावे आहेत. भावाने ती बोट लावून पाहिली. आमच्या सोळाव्या लेण्यात वराहदेव या मंत्र्याचा लेख आहे. छिन्नी चालविणाऱ्याचे नाव मी तेथे कधी ऐकले नाही.

टाव्हर्निये नावाच्या फ्रेंच प्रवाशाने संगमरवराच्या तीनशे गाड्या वाटेत पाहिल्या, लहानातली लहान गाडी बारा बैलांची, असे सांगतात. हे ऐकून भाऊ म्हणाला, "बैल मोजले, गाडीवानांचे काय?" आमच्या सभांतून मी तासतास बोलतो, पण एवढे नेमके मला साधले नव्हते.

उन्हाने पोरे मलूल झाली, म्हणून पाणचक्कीवर गेलो. दूरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांनी येते, उंच चढते आणि खाली पडताना चक्र फिरवते. त्यावर दर्ग्यातील फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी पीठ दळले जाई. भावजयीने लहानपणी पहाटे उठून जाते ओढलेले. ती त्या दगडाकडे बराच वेळ पाहत राहिली, मग हौदाच्या काठी बसून पायांवर पाणी घेत म्हणाली, "ज्याने हे केले, त्याच्या घरी बाईमाणूस दळत असले पाहिजे."