कुत्र्यांचा खाऊ आणि पाकिटाची मागची बाजू

शहरांतून कुत्र्यांसाठी 'नैसर्गिक' म्हणून जो खाऊ विकला जातो, त्यात सुक्या मासळीलाही जागा आहे. मिरकरवाड्यासारखं बंदर आणि मासळी सुकवण्यात हात बसलेल्या बायका ज्या रत्नागिरीत आहेत, तिथे या धंद्याचा विचार जरूर व्हावा. पण धंदा काढायचा म्हटलं की आधी पाकिटाच्या दर्शनी बाजूची चर्चा सुरू होते: हिरवं पान, गोजिरवाणा कुत्रा, ठळक अक्षरांत 'नैसर्गिक'. माझं म्हणणं असं, की पाकिटाची आखणी मागच्या बाजूपासून करावी. 2006च्या अन्नसुरक्षा कायद्याने अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेलं आहे. वजनमापाच्या 2011च्या नियमांनुसार वजन, किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता छापावा लागतो. आत मीठ किती, हे मात्र त्यातून कळत नाही. आणि कळायला हवं ते नेमकं हेच. खारवलेला बांगडा आपण भिजवून, धुऊन मग रांधतो. कुत्र्यापुढे तोच तसाच टाकला तर सगळं मीठ त्याच्या पोटात जातं, आणि जास्त मीठ त्याला बाधतं. कांदा-लसूण तर कुत्र्याला विषारीच. मीठ, कांदा, लसूण, सगळं नैसर्गिकच आहे! त्यापेक्षा 'फक्त बांगडा, मीठ न लावता सुकवलेला' ही एक ओळ कितीतरी जास्त सांगते.

पाकीट कशाचं असावं, हाही प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. माल दिसावा म्हणून पारदर्शक खिडकी ठेवतात. पण बांगडा तेलकट मासा. उजेड आणि हवा लागली की त्याचं तेल खवट होतं. कोकणातल्या पावसाळी हवेत तर सुकी मासळी दमट होऊन बुरशी धरायला वेळ लागत नाही. म्हणून आतून चंदेरी थर असलेलं, पुन्हा बंद करता येणारं अपारदर्शक पाकीटच बरं, आणि त्यावर सुकवल्याची तारीख ठसठशीत हवी. कुणी म्हणेल, छापील पाकिटं बचत गटाला परवडत नाहीत, कारण छपाईवाले मोठी मागणी घेतात. खरं आहे. पण साधी कोरी पाकिटं घेऊन त्यावर लेबल चिकटवता येतं, आणि दर खेपेला तारीख बदलणंही सोपं जातं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गिऱ्हाईक मजकूर वाचत नाही, चित्र आणि नाव बघून उचलतो. पहिल्यांदा उचलत असेलही. कुत्र्याचं पोट बिघडलं की मात्र तो पाकीट उलटं करून वाचतो, आणि तिथे उत्तर नसेल तर पुन्हा येत नाही. नुसत्या नावावर विसंबण्याचा तोटा रत्नागिरीने हापूसमध्ये सोसलेला आहे. 2018 साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी परप्रांतातला आंबा हापूस म्हणून बाजारात खपवला जातोच. पेटीवरच्या नावाला बागेचा माग जोडलेला असेल तरच ते नाव टिकतं. मासळीलाही तेच लागू आहे: बंदर, मासा, तारीख. ज्या गटांना हा धंदा करायचा आहे त्यांनी चित्रकाराकडे जाण्याआधी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातल्या जाणकारांना भेटावं, मीठ आणि ओलावा किती असावा ते विचारून घ्यावं, आणि तो आकडा लेबलवर छापावा.