समासातला लाल शेरा

राज्यभरातल्या रुग्णालयांतून, मनोरुग्णालयांतून, समाजकार्य महाविद्यालयांतून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

 रात्रभर एसटीने प्रवास करून पुण्यात आलेले इथे बरेच आहेत. वॉर्ड कुणाच्या भरवशावर सोडून आलो, ही काळजीही सोबत आली असणार.

आपलं हे काम जुनं आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली देशातली वैद्यकीय समाजसेवकाची पहिली नेमणूक झाली. पुढे २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मनोरुग्णांसोबत काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्याची व्याख्या आहे. तिच्यात देखरेखीखाली घेतलेलं प्रशिक्षण सांगितलं आहे. पण देखरेख करणाऱ्याला कोण शिकवणार? आपल्यापैकी बहुतेक जण सेवाज्येष्ठतेने पर्यवेक्षक झालो. काल केस बघत होतो, आज केस बघणाऱ्यांना बघायला लागलो.

मी पर्यवेक्षक झाले त्या वर्षी फील्डवर्कची एक विद्यार्थिनी जळीत विभागात होती. सात नंबरच्या बेडवरच्या तरुणीशी ती रोज बोलायची. एका पहाटे ती तरुणी गेली. गुरुवारी आय.सी.ला, म्हणजे विद्यार्थी आणि पर्यवेक्षक यांच्या वैयक्तिक चर्चेला, तिची नोंदवही माझ्यासमोर आली. मी लाल पेन घेतलं. ‘सहानुभूती’ खोडून ‘समानुभूती’ केलं, तारखा तपासल्या. शेवटची ओळ होती : ‘त्यानंतर मी त्या वॉर्डात गेले नाही.’ समासात मी लिहिलं, ‘कारण?’

ती समोरच बसली होती. तोंडाने विचारायला हवं होतं. पेन खाली ठेवून नुसतं थांबले असते, तरी ती बोलली असती. वर्षअखेरीस तिने हे क्षेत्र सोडलं.

त्या मुलीपाशी कसं बसायचं, हे मला कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवलं नव्हतं. एम.एस.डब्ल्यू.मध्ये रुग्णाचं ऐकायला शिकलो. रुग्णाचं ऐकून थकलेल्याचं ऐकणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि तेही शिकता येतं. पण त्यासाठी वर्षातून एकदा भाषणं ऐकून प्रमाणपत्र नेणं पुरत नाही. महिन्यातून एकदा, चार-पाच पर्यवेक्षकांनी, आपण घेतलेली आय.सी. एकमेकांसमोर उघडी करायला हवी. शासनाने आणि महाविद्यालयांनी ही वेळ कामाची वेळ म्हणून धरावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

म्हणून या दोन दिवसांत व्याख्यानं मोजकीच ठेवली आहेत. दुपारी छोटे गट बसतील. रुग्णांची आणि विद्यार्थ्यांची नावं झाकून आपापल्या नोंदी आणा, असं स्वागत समितीने कळवलं होतं. त्या विद्यार्थिनीची वही आमच्या विभागाच्या कपाटातच राहिली होती. नावं झाकून मीही ती आणली आहे. पहिल्या गटात ती मीच उघडेन.