सैन्यामागून चालणारी साथ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी युद्ध आणि रोगराई यांवर बोलण्याची अनुज्ञा मी मागितली, तेव्हा कार्यवाहांच्या मुद्रेवर उमटलेली छाया माझ्या लक्षात आली होती. "डॉक्टर, थोडा हलका विषय घेतलात तर?" असे त्यांनी सौजन्याने सुचविलेही. परंतु सारे आयुष्य वैद्यकीत घालविलेल्या माणसापाशी हलके विषय फारसे उरत नाहीत. शिवाय या विषयाकडे मी वळलो तो ग्रंथांमुळे नव्हे, तर घरातील एका कागदामुळे.

आमच्या ब्रह्माघाटावरील जुन्या घरात एक वंशावळ जपून ठेवलेली आहे. पेशवाई बुडाल्यानंतर आमचे पूर्वज देशावरून काशीस आले. त्या पिढीतील तीन नावांपुढे ना मृत्यूची तिथी आहे, ना गावाचे नाव. एकच शब्द लिहिलेला आहे : 'वाटेत'. लहानपणी मी आजीला विचारले, वाटेत म्हणजे कुठे गं? ती म्हणाली, "पटकीत गेले ते. तेव्हा सगळ्या वाटांवर तीच होती." आजीला इतिहासाची पुस्तके ठाऊक नव्हती, पण पुढे ती वाचल्यावर तिचे वाक्य मला अक्षरशः खरे वाटू लागले.

पटकी आपल्याकडे १८१७ साली नव्याने अवतरली, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. गोव्यात १५४३ साली तिची मोठी साथ झाल्याचे पोर्तुगीज लेखकांनी लिहून ठेवले आहे, आणि त्यांनी या रोगास दिलेले नाव आपल्या 'मोडशी' या शब्दावरूनच घेतलेले आहे. रोग जुना होता. मग १८१७ साली असे काय घडले, की गावोगावी अधूनमधून डोके वर काढणारी ही व्याधी साऱ्या हिंदुस्थानभर आणि पुढे समुद्रापलीकडे पसरली? याची कारणे अनेक सांगतात. त्या वर्षीचा विलक्षण पाऊस हे त्यांतील एक. परंतु जे कारण मला सर्वांत बलवत्तर वाटते, ते म्हणजे त्या वर्षी हा देश एका जागी बसलेला नव्हता.

ऑगस्ट १८१७ मध्ये बंगालमधील जेसोर येथे साथ उसळली. तेथून ती गंगेच्या काठाकाठाने वर सरकली. त्याच सुमारास गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज पेंढाऱ्यांचे पारिपत्य करण्यासाठी आणि शिंद्यांस धाकात ठेवण्यासाठी मोठी फौज घेऊन बुंदेलखंडात उतरला होता. ५ नोव्हेंबर रोजी शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या तहावर सही केली, आणि योगायोग असा की, त्याच दिवशी खडकीस पेशव्यांचे युद्ध जुंपले. इतिहासाच्या पुस्तकांत हे दोन प्रसंग ठळक अक्षरांत असतात. त्याच महिन्यात हेस्टिंग्जच्या छावणीत जे घडले, त्यास मात्र एखादी तळटीप मिळते. सिंध नदीच्या परिसरात पडलेल्या त्या तळावर पटकी शिरली. सुमारे आठवडाभरात सातशेंहून अधिक लढवय्ये आणि आठ हजारांच्या आसपास बाजारबुणगे मृत्युमुखी पडले, अशी तत्कालीन नोंद आहे.

हे दोन आकडे जवळजवळ ठेवून पाहा. बाजारबुणगे म्हणजे कोण? पाणक्ये, घोड्यांना चारा घालणारे मोतद्दार, धोबी, वाणी, स्वयंपाकी, त्यांच्या बायका आणि मुले. पानिपतापासून हा शब्द आपण थोड्या तुच्छतेने उच्चारीत आलो आहोत. लढाई ज्यांची नव्हती त्यांचाच बळी मोठा पडला. दाटीवाटीचा तळ, एकाच नदीवर पिणे, धुणे आणि शौच, आणि शिपायाच्या मानाने अर्धपोटी राहणारी ही माणसे. यापेक्षा अधिक काही त्या जंतूला नको असते. अर्थात जंतू आहे हे तेव्हा कोणास ठाऊक होते? रॉबर्ट कॉखने तो कलकत्त्याच्या तलावात दाखविला १८८४ साली. १८१७ मध्ये दूषित हवा, ग्रहांची दशा आणि मरीआईचा कोप एवढीच उत्तरे उपलब्ध होती. तरी फौजेने तळ हलविला, बेतवेच्या काठी एरिचजवळ मोकळ्या, कोरड्या जागी नेला, आणि साथ ओसरली. कारण न कळताही उपाय लागू पडला, असे वैद्यकात पुष्कळदा घडते.

छावणीतून जे जीव घेऊन पळाले ते घरी निघाले. रस्त्यारस्त्याने ते पडले, आणि जेथे पडले तेथील विहिरी बाधल्या. इकडे दक्षिणेत खडकीनंतर बाजीरावसाहेब पुढे आणि इंग्रज पलटणी मागे अशी धाव सात महिने चालू होती. सातारा, पंढरपूर, जुन्नर, कोरेगाव, चांदा, असे करीत जून १८१८ मध्ये ते माल्कमच्या स्वाधीन झाले. या साऱ्या फौजांना धान्य पुरविणारे वंजाऱ्यांचे तांडे एका तळावरून दुसऱ्या तळावर जात होते. आणि याच काळात पटकी नागपूर, अहमदनगर, पुणे अशी उतरत १८१८ च्या पावसाळ्यात मुंबईस पोहोचली. मुंबईहून जहाजांतून ती मस्कत आणि बसऱ्यास गेली, १८२१ मध्ये.

ज्या मुलखावर ती आली तो आधीच खचलेला होता, हेही विसरता येत नाही. १८०२ मध्ये होळकरांनी पुणे घेतले तेव्हापासून नगर-पुणे प्रांत उभा जळत होता. पुढच्या दोन वर्षांतील दुष्काळ पावसाच्या ओढीइतकाच लुटीनेही ओढवलेला होता. पेरणाराच पळून गेला तर पाऊस पडून काय उपयोग? पंधरा वर्षे जे पोट भरलेले नाही, त्या शरीरात रोग वेगळ्या रीतीने वागतो. हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. माझ्या खाटांवर मी ते पाहिले आहे.

पेशवाईच्या अखेरच्या त्या कालखंडात आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज येथे आले. अमृतराव पेशवे १८०३ च्या करारानंतर काशी आणि कर्वी येथे राहिले. बाजीरावांचे बंधू चिमाजी अप्पा राज्य गेल्यावर काशीस आले. राणी लक्ष्मीबाईंचे वडील मोरोपंत तांबे त्यांच्याच पदरी होते. आपण आपल्या येथील वास्तव्यास काशीवास म्हणतो, आणि त्यात पुण्याईचा भाव आहेच. परंतु आजच्या भाषेत सांगायचे तर यांतील बरेच लोक निर्वासित होते. त्यांच्या येण्याने वाटेवरच्या गावांना काय दिले असेल, याचा विचार माझ्या मनास फारसा सुखावह नाही.

कारण निर्वासितांवर आणि यात्रेकरूंवर रोगाचा दोष घालण्याची रीत फार जुनी आहे. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत यात्रांवर बोट ठेवले गेले. यात्रेत साथ पसरते हे खोटे नाही. पण पलटणींच्या कूचीने पटकी देशभर नेली, त्या पलटणींना कोणी 'अस्वच्छ गर्दी' म्हटल्याचे मला आढळले नाही.

शासनावरचा विश्वास उडाला की काय होते, याचे उदाहरण तर आपल्याच पुण्याचे आहे. १८९७ च्या प्लेगात घरे तपासण्यासाठी गोऱ्या सोल्जरांना आत धाडण्यात आले. लोकांनी रोगी माळ्यावर लपविले, प्रेते रात्री हलविली. प्लेग आवरण्यासाठी जे केले त्यानेच त्यास आडोसा दिला. २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली, ती कथा सर्वांस ठाऊक आहे. लपविलेल्या रोग्यांची कथा कोणी सांगत नाही.

आता माझ्या स्वतःच्या क्षेत्रातील एक गोष्ट सांगतो. काळा आजार या शहराच्या पूर्वेस, बिहारात, पिढ्यान्पिढ्या ठाण मांडून होता. वाळूमाशीच्या दंशाने तो होतो; प्लीहा वाढते, अंग काळवंडते, आणि उपचार न झाल्यास रोगी बहुधा दगावतो. १९९२ साली देशात ७७ हजारांवर रुग्णांची नोंद होती. काशी हिंदू विश्वविद्यालयाचे डॉ. श्याम सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुझफ्फरपूर येथे नवनवीन औषधे तपासली. एकाच सलाइनवाटे दिलेल्या एका मात्रेने बहुसंख्य रोगी बरे होतात, हे त्यांनी २०१० मध्ये दाखविले. घरोघर फवारणी झाली, खेडोपाडी तपासणी झाली. २०२३ मध्ये देशातील रुग्ण सहाशेच्या आत आले.

नेमका हाच रोग दक्षिण सुदानमध्ये १९८४ नंतरच्या दशकात यादवी युद्धाच्या काळात शिरला. पश्चिम अप्पर नाइल भागातील सुमारे दोन लाख ऐंशी हजार लोकसंख्येपैकी एक लाखाच्या आसपास माणसे त्याने गेली, असा अंदाज आहे. माशी त्याच कुळातली, जंतूही त्याच कुळातला. बिहार काही श्रीमंत मुलूख नव्हे. पण बिहारचा शेतकरी आपल्या गावी होता, त्याच्या गावी फवारणीचा माणूस पोहोचू शकत होता. तिकडचा माणूस गुरे हरवून, उपाशी, कधी न पाहिलेल्या रानातून चालला होता, आणि दवाखाना अनेक दिवसांच्या चालीवर होता.

निराशेनेच मी थांबावे असे मात्र नाही. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले. सीमेवरील बनगाव येथे पटकी उसळली, सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते पिंपांत भरले, आणि आईबापांनाच रोग्यास पाजावयास सांगितले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तिसाच्या आसपास होते, ते चारच्याही खाली आले. जेसोर तेथून फार दूर नाही. जी साथ १८१७ मध्ये तेथून निघून आमच्या पूर्वजांच्या वाटेवर आली, तिला दीडशे वर्षांनी तिच्याच अंगणात पेलाभर पाण्याने अडविले.

आता एक विनंती. आपल्यापैकी ज्यांच्या घरी जुन्या वंशावळी, खर्चाच्या वह्या, किंवा तीर्थोपाध्यायांच्या बाडांतील उतारे असतील, त्यांनी ते एकदा उघडून पाहावेत. 'वाटेत', 'पटकीत', 'मोडशीने' असे शब्द कोठे आढळले, तर त्या नावाची, असल्यास वयाची आणि सालाची, एक चिठ्ठी मंडळाच्या ग्रंथालयात आणून द्यावी. माझ्या घरच्या तीन चिठ्ठ्या मी काल देऊन आलो आहे. त्यांतील एकावर वय लिहिता आले : सात वर्षे.