चित्रकाराचा नांगर



आज आम्ही तुम्हांला एका माणसाच्या दहा वर्षांची हकीकत सांगणार आहोत. माणसाचं नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. यातलं आडनाव तुमच्या ओळखीचं आहे. विहिरीवरच्या पंपावर ते लिहिलेलं असतं. पण त्या नावाचा माणूस कोण, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. कारखाना झाला, मोठा झाला, हे सगळे सांगतात. कारखाना होण्याआधी काय काय झालं, ते कोणी सांगत नाही. आम्हांला तेच सांगायचं आहे.

लक्ष्मणराव १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी जन्मले. शाळेच्या पुस्तकात त्यांचं मन लागेना. चित्रं काढावीत, यंत्र दिसलं की ते कसं चालतं ते बघत बसावं, हा त्यांचा नाद. मुंबईला चित्रकलेची मोठी शाळा आहे, जे. जे. कलाशाळा. तिथं जायचं त्यांच्या मनानं घेतलं. वडिलांना हे पसंत नव्हतं. पण थोरले भाऊ रामुअण्णा म्हणजे मोठा खंबीर माणूस. त्यांनी पैशाची मदत केली आणि १८८५ साली धाकट्या भावाला मुंबईला धाडलं.

दोन वर्षं गेली. आणि मग एक गोष्ट ध्यानात आली. लक्ष्मणरावांना सगळे रंग नीट ओळखता येत नव्हते. असा दोष काही माणसांच्या डोळ्यांत जन्मापासून असतो. दिसतं सगळं, पण एक रंग दुसऱ्यासारखा वाटतो. पुष्कळांचा घोटाळा लाल आणि हिरवा यांत होतो. याला औषध नाही. शेतकऱ्याचं यावाचून अडत नाही. पण चित्रकाराचं? ज्याला रंगच ओळखता येत नाहीत, त्यानं चित्रं कशी रंगवावी? घरच्यांचं मन मोडून आलेला पोर, वय अठरा, आणि ही गत.

त्यांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. यंत्राचंही चित्र काढावं लागतं, बरं का. लोहार-सुतार जे करतात ते आधी कागदावर मापानं काढलेलं असलं, तर दहा माणसं दहा जागी बसून तोच भाग सारखाच करू शकतात. या चित्राला रंग लागत नाही. काळी रेघ लागते आणि माप लागतं. लक्ष्मणराव हे काम शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेत तोच विषय शिकवू लागले. पगार महिना ४५ रुपये.

त्या वेळी मुंबईत सायकली नव्यानं दिसू लागल्या होत्या. लक्ष्मणरावांनी एक सायकल घेऊन बेळगावला भावाकडे पाठवली. रामुअण्णांनी ती विकली. मग दुसरी. असं करता करता बेळगावात दुकान झालं. १८८८ साल धरतात ते त्या दुकानाचं. सायकलची किंमत ७०० ते १००० रुपये, आणि गिऱ्हाइकाला बसायला शिकवायचे १५ रुपये वेगळे. आता तुम्ही हिशेब करा. ४५ रुपये पगाराच्या मास्तराला ७०० रुपयांची सायकल घ्यायची, तर पंधरा महिन्यांहून जास्त पगार साठवायला हवा. तोही पोटाला न खाता. म्हणजे सायकल ही श्रीमंताची वस्तू होती. दुकान चाललं, पण त्याला मर्यादा होती.

इकडे मुंबईत नोकरीत बढतीची वेळ आली. ती लक्ष्मणरावांना मिळाली नाही. एका अँग्लो-इंडियन शिक्षकाला मिळाली. राज्य इंग्रजांचं होतं, असं पुष्कळ ठिकाणी चालत असे. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावची वाट चालू लागले. वय तिशीच्या आसपास. ना चित्रकार झाले, ना मोठे मास्तर.

इथं आम्हांला मध्येच एक गोष्ट बोलायची आहे. अशा गोष्टी सांगताना लोक म्हणतात, बघा, नोकरीवर लाथ मारली आणि थोर झाले! तरुण पोरांना हे ऐकायला गोड लागतं. पण लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली तेव्हा बेळगावात भावाचं दुकान उघडं होतं. चूल पेटत होती. रामुअण्णा नसते तर ही हकीकत वेगळी झाली असती, असं आमचं मत आहे. गोष्टीतला एकच माणूस लोकांच्या लक्षात राहतो. पाठीमागे उभा असलेला भाऊ राहत नाही.

आता ती दहा वर्षं. साधारण १९०० ते १९१०.

दुसऱ्यानं केलेली वस्तू विकण्यात लक्ष्मणरावांचं मन रमेना. आपल्या हातानं काही करावं, आणि ते शेतकऱ्याच्या कामाचं असावं, असं त्यांनी ठरवलं. आधी त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं. अख्खा कडबा टाकला की जनावर पाला खातं आणि बुडखा तुडवून टाकतं, हे तुम्ही रोज बघता. बारीक कापला तर वाया कमी जातो. मग ते लोखंडी नांगराकडे वळले. विलायतेहून असे नांगर येत असत. ते बघून १९०३ साली लक्ष्मणरावांनी आपला नांगर केला.

लाकडी नांगर जमीन फाडतो, पण माती उलटी करत नाही. लोखंडी नांगराच्या फाळामागे वाकडा पत्रा असतो. कापलेली माती त्यावर चढते आणि पालथी पडते. हरळी-कुंद्याची मुळं वर येऊन उन्हात वाळतात. काळ्या जमिनीत लाकडी नांगराला चार-चार, सहा-सहा बैल जुंपून जे काम उरकत नसे, ते याने उरकतं. वस्तू चांगली होती. आणि पहिला नांगर विकला जायला किती काळ लागला असेल? दोन वर्षं!

दोन वर्षं नांगर पडून. शेतकरी येत, हात लावून बघत आणि निघून जात. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, असं लोक म्हणत.

हे ऐकून शिकलेली माणसं हसतात. आम्ही हसत नाही. जरा विचार करा. लाकडी नांगराचा फाळ कशाचा असतो? लोखंडाचाच. हे त्या शेतकऱ्याला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. मग विषाचं बोलणं कशाला? आम्हांला वाटतं, मनातली भीती निराळी होती. दुकानातली सायकल बिघडली तर माणूस पायी चालतो. नांगर बिघडला आणि पाऊस तोंडावर आला, तर साल जातं, घर उपाशी राहतं. खालची माती एकदा वर आली की परत खाली घालता येत नाही. शिवाय लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार आहे, बलुतं घेऊन नीट करून देतो. हा नवा नांगर बिडाचा, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतलेला. बीड ठोकून वाकवता येत नाही, तडकतं. गावच्या लोहाराचा हातोडा तिथं चालत नाही. दुकानदाराचे फार तर पैसे बुडतील. शेतकऱ्याचं वर्ष बुडेल. अशा वेळी ‘नको’ म्हणणारा शेतकरी आम्हांला अडाणी वाटत नाही.

पण लक्ष्मणरावांच्या बाजूनंही बघा. त्यांच्यापाशी दुसरा नांगर नव्हता आणि दुसरा धंदाही मनात नव्हता. घरात लहान मूल होतं. नांगर तयार झाला त्याच साली, १९०३ साली, त्यांचे चिरंजीव शंतनुराव जन्मले. दोन वर्षं माल खपत नसताना रोज सकाळी उठून भट्टीपाशी जायचं, हे तोंडानं सांगायला सोपं आहे. ते थांबले. दोन वर्षांनी एक नांगर गेला. तो शेतात चालला. जमिनीला काही झालं नाही. मग शेजाऱ्यानं बघितलं. शेतकरी दुकानदाराचं ऐकत नाही, बांधापलीकडचं पीक बघतो. हे तुम्हांला आम्ही काय सांगावं!

नांगर खपू लागले आणि आता बरे दिवस येणार, असं वाटलं. तेवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेनं कारखान्याची जागा खाली करायला सांगितली. तिथं नवी वस्ती वसवायची होती. भट्टी, यंत्रं, साचे, सगळं उचलायचं. न्यायचं कुठं?

या वेळी औंधच्या राजांची ओळख उपयोगी पडली. औंध हे तेव्हा छोटं संस्थान होतं. राजे भवानराव, लोक त्यांना बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हणत, १९०९ साली गादीवर आले. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे ते हेच. ते स्वतः चित्रं काढत. चित्रकलेनं लक्ष्मणरावांना पोट दिलं नाही, पण चित्राची कदर असणारा राजा त्यांच्या पाठीशी उभा राहिला. राजांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची जागा दिली आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले.

जागा म्हणजे ३२ एकरांचा माळ. वर निवडुंग, खाली नाग. बरोबरची माणसं म्हणाली असतील, बेळगाव सोडून हे कुठं आलो! पण जागा रेल्वेच्या काठाला होती. लोखंड आणि कोळसा गाडीनं येणार, नांगर गाडीनं जाणार. १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांचं वय तेव्हा एकेचाळिसाला आलं होतं.

वाडीची व्यवस्था पुन्हा रामुअण्णांनीच पाहिली. घरं, पाणी, रस्ते, सगळं. शंभुराव जांभेकर यंत्रं बघत. मंगेशराव रेगे कारकून होते, ते हिशेबाचे प्रमुख झाले. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्ध्यावर सोडली होती. ते तिथं नामांकित इंजिनिअर झाले. आम्हां हेडमास्तरांना हे ऐकायला फारसं बरं वाटत नाही, पण खरं ते सांगितलंच पाहिजे. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या राखणीचं काम दिलं. चोरी केलेल्याच्या हाती कारखाना सोपवायचा! त्यांनी सोपवला. वाडीत शिवाशीव पाळायला मनाई होती. त्या काळी हे बोलणंही धाडसाचं होतं.

पुढं १९२० साली या कारखान्यानं ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं एक छापील पत्र काढलं. नांगर-मोटांची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत जावी, हा हेतू. त्याचं पुढं मोठं मासिक झालं आणि घरोघरी वाचलं जाऊ लागलं. ते चालवणारे शंकरराव हे लक्ष्मणरावांचे पुतणे. लक्ष्मणराव १९५६ साली वारले. वाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. कारखाना आता पंप करतो. बैलांचे नांगर मागे पडले, ट्रॅक्टर आले.

तरी आपल्या गावात एखाद्या गोठ्यात, माळ्यावर, जुना बिडाचा नांगर गंजत पडलेला असेल. कुणाकडे असला तर शनिवारी वर्गाला घेऊन या. दोघं मिळून आणा, जड असतो. त्याच्यावर उठावाची अक्षरं असतात. गंज घासून ती आपण वाचून बघू.